हात कळफलकावर, लक्ष कामावर

संगणकावरील एखादे काम मेनूत किंवा चिन्हपट्टीत शोधत न बसता, कळफलकावरील दोन-तीन कळा एकत्र दाबून थेट करवून घेण्याच्या सोयीला शॉर्टकट म्हणतात. ही सोय प्रत्येक संगणकात पहिल्या दिवसापासून असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही वर्षानुवर्षे संगणकावर काम करणाऱ्या अनेकांच्या हातात कॉपी, पेस्ट आणि सेव्ह यांच्यापलीकडचे शॉर्टकट बसलेले नसतात. याचे एक मोठे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. शॉर्टकट बहुधा लांबलचक यादीच्या रूपात विद्यार्थ्यासमोर ठेवले जातात. ती यादी पाठ होत नाही, आणि परीक्षेपुरती पाठ झाली तरी प्रत्यक्ष कामात हाताला ती सुचत नाही. शॉर्टकटांमागील रचना आधी समजून घ्यावी, स्वतःच्या रोजच्या कामातून मोजकेच निवडावेत आणि ते हाताच्या सवयीचे झाल्यावरच पुढे जावे, असा या लेखाचा आग्रह आहे. लेखातील उदाहरणे विंडोज प्रणाली, वर्ड, एक्सेल आणि प्रचलित ब्राउझर यांतील आहेत. ॲपलच्या मॅक संगणकावर यांपैकी बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड ही कळ वापरली जाते.

वेळ नेमका कोठे वाचतो

शॉर्टकटमुळे वेळ वाचतो हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु तो किती वाचतो आणि कोणत्या अटीवर वाचतो, याचा विचार क्वचितच केला जातो. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात मिळते. संगणकावरील कोणतेही काम लहान लहान शारीरिक व मानसिक क्रियांमध्ये विभागून प्रत्येक क्रियेला लागणारा सरासरी वेळ त्यांनी निश्चित केला. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माऊसकडे किंवा माऊसकडून कळफलकावर नेण्यास ०.४ सेकंद, माऊसचा बाण पडद्यावरील लक्ष्यावर नेण्यास १.१ सेकंद आणि पुढील कृती मनात जुळवण्यासाठी १.३५ सेकंद लागतात, असे हे हिशेब सांगतात.

निवडलेला शब्द ठळक करायचा आहे, असे समजू. माऊसच्या मार्गाने हात माऊसकडे नेणे, बाण चिन्हावर आणणे, बटण दाबणे आणि हात परत आणणे यांची बेरीज सुमारे २.१ सेकंद होते, तर कंट्रोल + बी दाबण्यास सुमारे ०.४ सेकंद पुरतात. दिवसातून अशा दोनशे कृती घडल्या तर वाचणारा वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास भरतो. हा आकडा दुर्लक्षणीय नाही. पण शॉर्टकटमुळे काम अर्ध्या वेळात होते, अशा दाव्यांना तो आधारही देत नाही. खरा लाभ सेकंदांच्या बेरजेच्या पलीकडे आहे. लिहिणाऱ्याची नजर दर वेळी मजकुरावरून चिन्हपट्टीवर आणि तेथून पुन्हा मजकुरावर जाते, तेव्हा डोक्यात जुळत असलेले वाक्य किंवा हिशेबातील आकडा मध्येच सुटतो, आणि तो पुन्हा पकडण्यासाठी लागणारा वेळ कोणत्याही घड्याळात दिसत नाही. हात कळफलकावरच राहिला तर नजर मजकुरावर राहते आणि विचाराचा धागा तुटत नाही.

याच हिशेबातून दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट निघते. शॉर्टकट आठवण्यासाठी क्षणभर थांबावे लागले, तर ०.४ सेकंदांत १.३५ सेकंदांची भर पडते आणि एकूण वेळ माऊसच्या जवळपास जाऊन पोहोचतो. म्हणजे अर्धवट लक्षात असलेल्या पन्नास शॉर्टकटांपेक्षा पूर्ण सवयीचे झालेले दहा शॉर्टकट अधिक उपयोगाचे ठरतात. पुढील सर्व मार्गदर्शन या एका निष्कर्षावर उभे आहे.

कळांचे व्याकरण

कळफलकावरील काही कळा एकट्या दाबल्या असता बहुतेक वेळा काहीच करत नाहीत. दुसऱ्या कळेसोबत दाबल्यावर त्या तिचा अर्थ बदलतात. त्यांना परिवर्तक कळा म्हणता येईल. विंडोजमध्ये अशा चार कळा मुख्य आहेत आणि प्रत्येकीची कामगिरी बरीचशी ठरलेली आहे. कंट्रोल ही कळ प्रामुख्याने समोरच्या मजकुरावर किंवा फाईलवर करायच्या आज्ञांसाठी असते. आल्ट ही कळ कार्यक्रमाच्या मेनूपर्यंत पोहोचवते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ संपूर्ण प्रणालीशी, म्हणजे खिडक्या, पडदा, सेटिंग्ज यांच्याशी संबंधित आज्ञा देते. शिफ्ट ही कळ मूळ कृतीचा विस्तार करते किंवा तिची दिशा उलटवते: टॅबने पुढच्या रकान्यात जाता येते तर शिफ्ट + टॅबने मागच्या, आणि आल्ट + टॅबने उघड्या खिडक्यांमधून पुढे जाता येते तर त्यात शिफ्ट मिळवल्यास मागे.

या नियमांची ताकद बाणांच्या कळांवर स्पष्ट दिसते. उजवा बाण कर्सर एक अक्षर पुढे नेतो. त्याला कंट्रोलची जोड दिली की पाऊल मोठे होते आणि कर्सर एक शब्द पुढे जातो. शिफ्टची जोड दिली की कर्सर जेथून जातो तो मजकूर निवडला जातो. आणि दोन्ही कळांची जोड दिली की एकेक शब्द निवडत पुढे जाता येते. होम आणि एंड या कळा ओळीच्या आरंभी व शेवटी नेतात, कंट्रोल + होम आणि कंट्रोल + एंड संपूर्ण दस्तऐवजाच्या आरंभी व शेवटी नेतात, आणि शिफ्ट मिळवली की तेवढा भाग निवडला जातो. कंट्रोल म्हणजे मोठे पाऊल आणि शिफ्ट म्हणजे निवड, एवढी दोन सूत्रे समजली की डझनभर शॉर्टकट पाठ न करताच हाताशी येतात.

अक्षरांच्या निवडीमागेही विचार आहे. बरीच अक्षरे इंग्रजी नावांची आद्याक्षरे आहेत: कॉपीसाठी सी, प्रिंटसाठी पी, फाइंडसाठी एफ. मात्र कापणे, चिकटवणे आणि केलेली कृती मागे घेणे यांसाठी अनुक्रमे एक्स, व्ही आणि झेड ही अक्षरे आहेत, त्यांचा आद्याक्षरांशी मेळ नाही. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची आजची पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, जिप्सी नावाच्या लेखन-कार्यक्रमात घडवली. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले. १९८३ मध्ये आलेल्या लिसा या संगणकात झेड, एक्स, सी आणि व्ही या चार कळा अशा कामांसाठी वापरल्या गेल्या. कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे त्या शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे डावा हात त्या चारही कृती करू शकतो आणि उजवा हात माऊसवर राहू शकतो. विंडोजने कमांडच्या जागी कंट्रोल घेऊन हीच अक्षरे स्वीकारली. इंग्रजी नावे मनात घोळवण्यापेक्षा कळांच्या जागा लक्षात ठेवणे सोपे जाते, ही गोष्ट इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवताना विशेष ध्यानात घ्यावी.

लेखन आणि संपादन

लेखनात सर्वाधिक वेळ टंकनापेक्षा दुरुस्तीत जातो, म्हणून दुरुस्तीचे शॉर्टकट आधी आत्मसात करावेत. चुकलेला शब्द एकेक अक्षर पुसत बसण्याऐवजी कंट्रोल + बॅकस्पेसने कर्सरच्या मागचा आणि कंट्रोल + डिलीटने पुढचा संपूर्ण शब्द काढता येतो. कंट्रोल + झेडने कृती मागे घेता येते आणि कंट्रोल + वायने ती पुन्हा करता येते. या दोन कळजोड्या हाताशी असलेला लेखक निर्धास्तपणे प्रयोग करू शकतो. संपूर्ण परिच्छेद वर किंवा खाली हलवायचा असल्यास वर्डमध्ये तो कापून चिकटवण्याची गरज नसते. कर्सर त्या परिच्छेदात ठेवून आल्ट + शिफ्टसह वरचा किंवा खालचा बाण दाबला की परिच्छेद आपल्या जागेवरून सरकतो. मोठा दस्तऐवज पुन्हा उघडल्यावर शिफ्ट + एफ५ दाबल्यास वर्ड शेवटच्या दुरुस्तीच्या ठिकाणी घेऊन जाते. नवीन पानावर जाण्यासाठी अनेकदा एंटर दाबण्याची सवय सर्वत्र आढळते, पण त्यामुळे वर दोन ओळी वाढल्या की खालची सगळी मांडणी विस्कटते. कंट्रोल + एंटरने पान तोडल्यास ही अडचण येत नाही.

इतर ठिकाणांहून आणलेल्या मजकुरासोबत त्याचा रंग, आकार आणि फॉन्टही येतो व दस्तऐवज बेढब दिसू लागतो. निवडलेल्या मजकुरावर कंट्रोल + स्पेस दाबल्यास वर्डमध्ये अक्षरांवरील अशी बाहेरून आलेली सजावट निघून जाते आणि मजकूर परिच्छेदाच्या मूळ शैलीत येतो. शीर्षकांसाठी अक्षरे हाताने मोठी व ठळक करण्याऐवजी कंट्रोल + आल्ट + १, २ किंवा ३ या कळजोड्यांनी शीर्षकशैली लावावी. त्यामुळे सर्व शीर्षके एकसारखी दिसतात आणि अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते. शॉर्टकटचा लाभ येथे वेगाबरोबरच शिस्तीच्या रूपानेही मिळतो.

मराठी मजकुराच्या विशेष गरजा

मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत काम करणाऱ्याला दिवसातून अनेकदा कळफलकाची भाषा बदलावी लागते. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेच्या चिन्हावर माऊस नेण्याऐवजी विंडोज + स्पेस दाबावे. शिफ्टसह डावीकडची आल्ट कळ दाबूनही भाषा बदलता येते. मराठी कळफलक सुरू असतानाही विंडोजमध्ये कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही यांसारखे शॉर्टकट त्याच कळांवर चालतात, त्यामुळे कॉपी करण्यासाठी आधी इंग्रजीत जाण्याची गरज नसते.

महाराष्ट्रात मराठी टंकनाच्या तीन पद्धती प्रामुख्याने चालतात. टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन रचना, रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिण्याची ध्वन्यात्मक पद्धत आणि भारतीय लिपींसाठी प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट रचना या त्या होत. विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातील सुधारित आवृत्तीपासून मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक अंगभूत मिळतो, आणि नव्याने आरंभ करणाऱ्याला तो सोपा वाटतो. दीर्घकाळ मराठी लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्टचा गंभीरपणे विचार करावा, कारण तिची मांडणी स्वतःच एका शॉर्टकटसारखी तर्कशुद्ध आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बरीच व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. वर्गातील अल्पप्राण व्यंजनाच्या कळेवर शिफ्ट दाबले की महाप्राण मिळते, म्हणजे ‘क’ च्या कळेवर ‘ख’, ‘ग’ च्या कळेवर ‘घ’ येतो. आणि ‘ल’ च्या कळेवर शिफ्ट दाबल्यास ‘ळ’ मिळतो. मराठीतील ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांमधील रफारापेक्षा वेगळा असणारा ‘ऱ’ अनेकांना टंकता येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ च्या कळेवर शिफ्ट दाबून ‘ऱ’, मग हलन्ताची कळ आणि मग ‘य’ असा क्रम ठेवल्यास ‘ऱ्य’ अचूक उमटतो. ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘क्ष’ आणि ‘श्र’ ही जोडाक्षरे शिफ्टसह अनुक्रमे ५, ६, ७ आणि ८ या अंकांच्या कळांवर एका दाबात मिळतात.

देवनागरीत एक अक्षर अनेक घटकांचे बनलेले असते, आणि म्हणून पुसण्याच्या दोन कळा विंडोजमधील बहुतेक कार्यक्रमांत वेगळ्या वागतात. बॅकस्पेस शेवटचा घटक तेवढा काढते: ‘की’ या अक्षराच्या पुढे कर्सर असताना ती दाबल्यास फक्त वेलांटी जाते आणि ‘क’ शिल्लक राहतो. डिलीट मात्र कर्सरपुढचे संपूर्ण जोडलेले अक्षर काढून टाकते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारण्यासाठी बॅकस्पेस आणि पूर्ण अक्षर काढण्यासाठी डिलीट, असा विवेक ठेवल्यास दुरुस्तीचे श्रम बरेच कमी होतात.

कंट्रोल + एच या कळजोडीने एखादा शब्द शोधून त्याजागी दुसरा घालता येतो. संपूर्ण पुस्तकात एकाच शब्दाची दोन लेखने झाली असतील तर त्यांत एकवाक्यता आणण्यास ही सोय अत्यंत उपयुक्त आहे, पण ती जपून वापरावी. ‘आणी’ हे अशुद्ध रूप सर्वत्र ‘आणि’ असे बदलण्याची आज्ञा दिल्यास ‘आणीबाणी’ हा शुद्ध शब्दही ‘आणिबाणी’ असा बिघडतो. म्हणून शोधशब्दाच्या आगेमागे मोकळी जागा घालावी किंवा प्रत्येक बदल एकेक करून तपासावा. शिवाय शोधण्याची ही सोय युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावरच नीट चालते. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकात तो इतर अक्षरांच्या संकेतांत साठवलेला असतो, त्यामुळे त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे ही येथे पहिली पायरी ठरते.

तक्ते आणि हिशेब

शॉर्टकटचा परिणाम सर्वाधिक ठळकपणे दिसतो तो एक्सेलमध्ये, कारण शेकडो ओळींच्या तक्त्यात माऊसने खाली सरकत राहणे कष्टाचे आणि चुकीला वाव देणारे असते. येथेही कंट्रोलचा अर्थ मोठे पाऊल असाच आहे: कंट्रोल + खालचा बाण दाबल्यास कर्सर सलग माहितीच्या शेवटच्या ओळीवर जातो, आणि त्यात शिफ्ट मिळवल्यास तेथपर्यंतचा सारा भाग निवडला जातो. कर्सर मध्येच एखाद्या ठिकाणी थांबला तर तेथे रिकामा चौकोन, म्हणजे सेल, आहे असे समजावे. पटावरील किंवा पगारपत्रकातील राहून गेलेली नोंद हुडकण्याचा हा सोपा मार्गही आहे.

रकान्याखाली बेरीज हवी असल्यास आल्ट + बरोबरचे चिन्ह दाबले की बेरजेचे सूत्र आपोआप लिहिले जाते. वरच्या सेलमधील सूत्र निवडलेल्या सर्व ओळींमध्ये उतरवण्यास कंट्रोल + डी आहे. कंट्रोल + अर्धविराम आजची तारीख स्थिर स्वरूपात नोंदवते, त्यामुळे आवक-जावक नोंदींसारख्या कामात ती रोज उपयोगी पडते. एफ२ ने सेलमधील मजकूर दुरुस्तीसाठी उघडतो, आल्ट + एंटरने त्याच सेलमध्ये नवी ओळ घेता येते आणि कंट्रोल + शिफ्ट + एल गाळणी लावते, म्हणजे ठरावीक निकषाच्या नोंदी तेवढ्या दाखवण्याची सोय सुरू करते. सूत्र लिहीत असताना सेलच्या पत्त्यावर एफ४ दाबल्यास त्यात डॉलरची चिन्हे येतात. सूत्र खाली उतरवताना तो पत्ता बदलू नये, असा या चिन्हांचा अर्थ असतो. व्याजाचा दर एका सेलमध्ये लिहून त्यावर अनेक खातेदारांचे व्याज काढताना ही चिन्हे विसरली गेली, तर पहिली ओळ बरोबर आणि पुढच्या सगळ्या चुकीच्या असा हिशेब तयार होतो. काही लॅपटॉपवर एफ मालिकेतील कळा आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी राखलेल्या असतात. तेथे एफएन ही कळ सोबत दाबावी लागते.

खिडक्या, ब्राउझर आणि सुरक्षितता

प्रणालीच्या पातळीवरील शॉर्टकट प्रत्येक कार्यक्रमात चालतात, म्हणून त्यांचा लाभ सर्वदूर पोहोचतो. विंडोज + डावा किंवा उजवा बाण दाबल्यास खिडकी पडद्याच्या अर्ध्या भागात बसते, आणि एकीकडे मूळ पत्र व दुसरीकडे त्याचे उत्तर असे शेजारी ठेवून काम करता येते. विंडोज + शिफ्ट + एसने पडद्याचा हवा तेवढा भाग चित्ररूपात टिपता येतो. विंडोज + व्ही कॉपी केलेल्या मागील गोष्टींची यादी दाखवते. ही सोय एकदा सुरू करून घ्यावी लागते आणि ती पंचवीस नोंदी सांभाळते. मात्र कॉपी केलेला पासवर्डही या यादीत राहू शकतो, हे लक्षात घेऊन सामायिक संगणकावर ती बंद ठेवावी.

ब्राउझरमध्ये कंट्रोल + टीने नवा टॅब उघडतो, कंट्रोल + डब्ल्यूने चालू टॅब बंद होतो आणि चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टीने परत येतो. कंट्रोल + एल दाबल्यास कर्सर थेट पत्त्याच्या चौकटीत जातो. सार्वजनिक संगणकावर काम संपवताना कंट्रोल + शिफ्ट + डिलीट दाबावे. मागील भेटींच्या नोंदी पुसण्याची खिडकी त्याने उघडते. कार्यालयात जागेवरून उठताना विंडोज + एल दाबून पडदा कुलूपबंद करण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण नागरिकांची माहिती, गुणपत्रके किंवा खात्यांचे तपशील उघडे राहू न देण्याची जबाबदारी खुर्चीवर बसणाऱ्याचीच असते.

काही शॉर्टकटांबाबत सावध राहणे आवश्यक आहे. शिफ्ट + डिलीटने काढलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट नाहीशी होते. कंट्रोल + एने सगळा मजकूर निवडलेला असताना चुकून एखादी कळ दाबली गेली तर संपूर्ण मजकुराच्या जागी ते एकच अक्षर येते. अशा वेळी घाबरून फाईल बंद न करता तत्काळ कंट्रोल + झेड दाबावे. जुन्या पत्रावरून नवे पत्र करताना आधी एफ१२ दाबून वेगळ्या नावाने प्रत जतन करावी, म्हणजे मूळ पत्र कंट्रोल + एसच्या सवयीने पुसले जात नाही. हातांवरचा ताणही विचारात घ्यावा. एकाच हाताची बोटे ताणून तीन कळा दाबण्याऐवजी परिवर्तक कळ एका हाताने आणि अक्षराची कळ दुसऱ्या हाताने दाबावी. कंट्रोल व शिफ्ट या कळा बहुतेक कळफलकांवर दोन्ही बाजूंना दिलेल्या असतात त्या यासाठीच उपयोगी पडतात.

सवय लावण्याची पद्धत

शॉर्टकट उपलब्ध असूनही ते का वापरले जात नाहीत, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांना प्रश्नावली दिली होती; त्यांतील बहुतेक जण शॉर्टकट क्वचितच वापरतात आणि चिन्हपट्टीलाच पसंती देतात असे आढळले. केवळ अनुभव वाढल्याने पद्धत सुधारत नाही, हा त्याचा अर्थ. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये या प्रवृत्तीचे कारण सांगितले होते: माणसाला समोरचे काम उरकायचे असते, म्हणून तो शिकण्यासाठी थांबत नाही आणि ठाऊक असलेल्या संथ मार्गानेच जात राहतो, थोडे थांबून शिकला असता तर पुढचा बराच वेळ वाचला असता. ही कोंडी फोडायची तर शिकणे हे कामाच्या आतच आणि अगदी लहान मात्रेत घडले पाहिजे.

त्यासाठी पुढील क्रम उपयोगी ठरतो. प्रथम एक पूर्ण दिवस आपला हात माऊसकडे कोणकोणत्या कारणांसाठी जातो, याची कागदावर खूण करत जावी. दिवसाअखेर ज्या तीन कृतींपुढे सर्वाधिक खुणा दिसतील, त्याच तीन कृतींचे शॉर्टकट शोधावेत. ते शोधण्यासाठी पुस्तकाची गरज नसते: बहुतेक कार्यक्रमांत चिन्हावर माऊस क्षणभर स्थिर ठेवल्यास त्याचा शॉर्टकट तेथेच दिसतो, आणि वर्ड किंवा एक्सेलमध्ये आल्ट एकदा दाबून सोडल्यास पडद्यावरील प्रत्येक विभागावर त्याचे अक्षर उमटते, ती अक्षरे एकामागून एक दाबत कोणत्याही आज्ञेपर्यंत पोहोचता येते. सापडलेले तीन शॉर्टकट चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला लावावेत आणि आठवडाभर त्या तीन कृतींसाठी माऊस वापरायचा नाही, असा निर्बंध पाळावा. सवयीने हात माऊसकडे गेलाच आणि काम झाले, तर कंट्रोल + झेडने ती कृती मागे घेऊन शॉर्टकटने पुन्हा करावी.

पहिले काही दिवस काम पूर्वीपेक्षा हळू होते. सायकल शिकणारा सुरुवातीला चालणाऱ्याच्याही मागे पडतो, तसाच हा टप्पा आहे. बरेच जण तो ओलांडण्याआधीच प्रयत्न सोडतात, म्हणून निकडीच्या कामाच्या दिवसांत आरंभ करू नये. चिठ्ठीकडे न पाहता बोटे कळांवर जाऊ लागली की ते तीन शॉर्टकट आत्मसात झाले असे समजावे, चिठ्ठी काढावी आणि पुढचे तीन घ्यावेत. वर्षातून एकदाच करावयाच्या कामाचा शॉर्टकट शिकू नये. त्यासाठी मेनूच योग्य आहे, कारण मेनू आठवणीवर भार टाकत नाही.

शॉर्टकटांकडे केवळ वेगाचे साधन म्हणून पाहणे मात्र अपुरे ठरते. दृष्टिहीन व्यक्तींना माऊसचा बाण दिसत नाही. एनव्हीडीएसारख्या विनामूल्य स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या साह्याने त्या संपूर्ण संगणक कळफलकावरूनच चालवतात. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाच वेळा दाबून सुरू करता येणारी स्टिकी कीज ही सोय आहे, जिच्यामुळे कळा एकत्र न दाबता एकामागून एक दाबल्या तरी चालतात. म्हणून संकेतस्थळे आणि कार्यालयीन प्रणाली तयार करणाऱ्यांनी प्रत्येक काम कळफलकावरून करता येईल याची खातरजमा करावी, आणि ती करण्याचा साधा उपाय म्हणजे माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब, बाण व एंटर यांच्या आधारे एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहणे.

संगणक शिकवणाऱ्या संस्थांनी आणि कार्यालयांनीही आपली पद्धत तपासावी. महाराष्ट्रात संगणक टंकलेखनाच्या परीक्षांसाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग कमावला जातो, आणि तो श्रम सार्थच आहे. परंतु टंकलेला मजकूर निवडणे, हलवणे, शोधणे, सुधारणे हे सारे माऊसवर अवलंबून राहिले तर कमावलेला वेग दुरुस्तीत खर्च होतो. प्रत्येक प्रात्यक्षिकात त्या दिवसाच्या कामाला लागणारे दोन-तीन शॉर्टकट त्या कामातूनच शिकवले आणि पुढच्या प्रात्यक्षिकात ते वापरून घेतले, तर वेगळ्या यादीची व पाठांतराची गरजच उरणार नाही. वाचकाने आरंभ कंट्रोल + बाण, कंट्रोल + शिफ्ट + बाण आणि कंट्रोल + बॅकस्पेस या तिघांपासून करावा, कारण पत्र, लेख, ईमेल किंवा अर्ज यांपैकी काहीही लिहिताना ते लागतातच. त्यांच्या सरावाने हात कळफलकावर स्थिरावला की पुढचे तीन कोणते हवेत, हे स्वतःचे कामच सांगू लागते.